आधी कळफलक, मग ॲप

मंडळी, सध्या एक नवीच साथ आली आहे. नातेवाइकांत म्हणा की लिहित्या मित्रांत म्हणा, जो तो आपल्या आवडत्या साधनांची यादी सांगत सुटला आहे. नोंदी ठेवायला हे ॲप, कामांच्या यादीला ते ॲप, वाचलेल्या पुस्तकांसाठी तिसरे, आणि या तिघांची आठवण करून द्यायला चौथे! पुण्याचा भाचा तर दर महिन्याला एक नवे नाव कळवतो. "मामा, हे एकदा टाकून पाहाच, कामाचा वेग दुप्पट होईल." मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त मास्तर. वरवट बकालसारख्या गावात माझ्या कामाचा वेग दुप्पट झाला तर उरलेल्या वेळाचे मी काय करू, हे मात्र तो सांगत नाही. :)

विचारलेच आहे तर माझीही यादी सांगून टाकतो. एक शाईचे पेन. एक आखीव फुलस्केप रजिस्टर. एक जुना संगणक, त्यावर साधे नोटपॅड. एक पेनड्राइव्ह. आणि इन्स्क्रिप्ट कळफलक. संपली यादी. यातल्या पहिल्या चार वस्तू उद्या कोणी उचलून नेल्या तरी मी दुसऱ्या आणीन. पाचवी मात्र बदलणार नाही, आणि आजचे भांडण त्या पाचवीसाठीच आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात असे: ज्या मराठी माणसाला आपली भाषा आपल्या लिपीत, आपल्या बोटांनी, युनिकोडमध्ये टंकता येत नाही, त्याची बाकीची सगळी साधने म्हणजे विहिरीला पाणी नसताना बसवलेला पंप आहे. पंप चांगल्या कंपनीचा असेल, आवाजही झोकात करत असेल. पण पाटात येणार काय?

लिहिण्याच्या साधनाला मी एकच कसोटी लावतो. दहा वर्षांनी, दुसऱ्याच्या यंत्रावर, माझ्या गैरहजेरीत हे लिखाण उघडेल का, वाचता येईल का आणि त्यात हवा तो शब्द शोधता येईल का? ही कसोटी हवेतून आलेली नाही. तिच्यामागे एक फाइल आहे.

आमच्या भागातल्या एका शाळेची स्मरणिका १९९८ साली निघाली होती. संपादनात मी होतो. नेहमीचे संदेश आणि जाहिराती होत्याच, पण मुलांकडून आम्ही एक चांगले काम करून घेतले होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडलेल्या अकरा म्हाताऱ्या माणसांकडून त्यांनी आठवणी लिहून आणल्या होत्या. मिलो ज्वारीच्या भाकरी कशा लागत, हजेरीच्या वेळी अंगठा कुठे उठवत, कोणाचे ढोर कधी विकले, सगळे त्यांच्याच बोलीत. मजकूर जवळच्या एका शहरातल्या डीटीपीवाल्याने जुळवला. त्याने फाइल फ्लॉपीत दिली. ती मी फ्लॉपीतून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी तळहातावरच्या फोडासारखी जपत आणली.

वीस वर्षांनी ती उघडली. पडद्यावर काय? इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे यांची भेळ. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "सर, हे काय दिसून राह्यलं?" फाइल शाबूत होती. एक अक्षरही हरवले नव्हते. तरी एक अक्षरही वाचता येत नव्हते.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट संगणकाला मराठी शिकवतच नव्हते. ते इंग्रजी अक्षराला मराठीचा मुखवटा चढवत. कृतिदेव फॉन्टचे उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द आपल्याला मराठीत दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो ई, जे, के, मोठा बी आणि एच असा साठवलेला असतो. मुखवटा असेपर्यंत 'मराठी'. मुखवटा काढला की ईजेकेबीएच! शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकीचा म तो दुसरीचा भलताच कोणी. काही सॉफ्टवेअरला तर कुलूपही असे. संगणकाच्या पाठीमागे एक छोटी डबी लावल्याशिवाय ते चालू होत नसे. दुकान बंद झाले, डबी हरवली, की तुमचे लिखाण कुलपात आणि किल्ली विहिरीत.

कोणी म्हणेल, आता रूपांतर करून देणारी साधने निघाली आहेत. निघाली आहेत, आणि ज्यांनी ती बनवली त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्या हातून सुटलेला मजकूर बारकाईने वाचून पाहा. मुखवट्याच्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात आणि रफार नंतर, कारण तिथे हिशोब उच्चाराचा नसतो, चित्राचा असतो. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि रफार भलत्याच डोक्यावर चढतो. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाही ते निस्तरणे जड जाते.

शेवटी एका घरी त्या स्मरणिकेची एक छापील प्रत मिळाली. वाळवीने कडा खाल्लेली. ती समोर ठेवून शहाण्णव पाने मी पुन्हा टंकली. चार महिने लागले. मग ती फाइल त्या अकरा घरांच्या मुलानातवंडांना पाठवली. तोवर अकरापैकी एकही माणूस उरला नव्हता. एकीचा नातू सुरतेला कापडाच्या दुकानात कामाला आहे. त्याने ती फोनवर उघडली, आजीचे नाव शोधले आणि रात्री मला फोन केला. "सर, माही आजीच बोलून राह्यली असं वाटलं." पुढे त्याला बोलता येईना. वेळ वाचवणाऱ्या साधनांच्या याद्या वाचताना मला हा फोन आठवतो. माझ्या चार महिन्यांनी कोणाचाही वेळ वाचला नाही. एक आजी वाचली.

आता युनिकोडने नेमके काय केले? प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला. देवनागरीला १२८ जागांचा एक तक्ता मिळाला. त्यात 'क'चा क्रमांक ०९१५. हा क वरवटला टंकला, न्यूजर्सीत उघडला, फॉन्ट कोणताही लावला, तरी तो क च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. आणि अभिमानाची गोष्ट अशी की त्यातला देवनागरीचा तक्ता आपल्याकडच्याच 'इस्की' या प्रमाण संकेताच्या धर्तीवर बेतला आहे. हे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. किती घरांत ते ठाऊक असेल?

त्याच कामाचा जुळा भाऊ म्हणजे इन्स्क्रिप्ट कळफलक. तो १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून ठरवला. आमच्या पुष्कळ वाचकांना तो 'सरकारी आणि किचकट' वाटतो. किचकट? ज्याने ही मांडणी केली त्याने पहिलीच्या वर्गाची बाराखडी समोर ठेवली होती असे मला वाटते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजने. ज्या कळीवर क, तिथेच शिफ्ट दाबून ख. ग वर घ, त वर थ, द वर ध, प वर फ. ल वर शिफ्ट दाबली की ळ. काना ज्या कळीवर, तिथेच शिफ्टने आ. वेलांटीवर इ, उकारावर उ. पाय मोडायला स्वतंत्र कळ. क टंका, पाय मोडा, ष टंका, की क्ष झाला. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना जोडाक्षराची फोड फळ्यावर जितकी कळली नसती तितकी या एका कळीने कळली.

शिवाय हीच मांडणी हिंदीला चालते, गुजरातीला चालते, बंगालीला चालते. जिथे आपला क तिथेच त्यांचा क. सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरला गेलात तरी बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. विंडोज २००० पासून हा कळफलक संगणकात आयताच येतो. फुकट. जाहिरात नाही, वर्गणी नाही, 'आपली चाचणी मुदत संपली' अशी पाटी नाही. कदाचित म्हणूनच कोणी त्याची शिफारस करत नसावे!

यावर पहिला आक्षेप ठरलेला. "सर, आम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवतो, सोपे पडते." मान्य. या उच्चारानुसारी पद्धतीचे ऋण मी नाकारत नाही. शेषाद्रिवासू यांचे बरहा, २००४ साली सुरू झालेले मनोगत, ओंकार जोशी यांचे गमभन, यांनी हजारो मराठी माणसांना महाजालावर पहिल्यांदा बोलते केले. ती पायरी मोलाची होती. पण पायरीवर कोणी बिऱ्हाड करते का? 'ळ' टंकताना तुमच्या डोक्यात आधी इंग्रजी अक्षर यावे आणि मग त्यातून ळ निघावा, म्हणजे स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरणे झाले. इन्स्क्रिप्ट शिकायला रोज अर्धा तास धरला तर महिना लागतो. मी साठी उलटल्यावर शिकलो, तेही भारनियमनाच्या वेळा सांभाळून. सायकल शिकायला याहून जास्त दिवस लागले होते आणि गुडघेही फुटले होते.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे. "कळलं ना? मग लिपी कोणती का असेना!" म्हणजे सरळ इंग्रजी अक्षरांत मराठी. आमच्या घरातली निम्मी तरुण मंडळी असेच लिहितात. मध्यंतरी एका नातलगाचा निरोप आला, "एम-ए-एल-ए विकायचा आहे." आता हा मळा, माळा की मला? मळा असेल तर सातबारा काढा, माळा असेल तर सुताराला बोलवा, आणि 'मला विकायचा आहे' असेल तर काय विकायचा आहे ते तरी सांगा! दोन भावांचे फोन झाले, वहिनी रुसल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. 'के-ए-एल आला' याचे तर सांगूच नका. पाहुणा काल आला आणि पाहुण्याचा काळ आला, यांत फक्त एका ळ चे अंतर आहे.

हसण्यावारी नेऊ नका. ळ, ण, ऱ्हस्व-दीर्घ, हे सगळे त्या अक्षरांत चुरडले जाते. जे बोटांतून जाते ते हळूहळू कानातून जाते आणि मग जिभेवरून. नातीला 'पाणी' आणि 'पानी' यांतला फरक मी सांगतो तेव्हा ती म्हणते, "आबा, लिहिताना तर सेमच आहे." तिचे बरोबर आहे. तिच्या हातात आम्ही जे दिले त्यात तो फरक नाहीच.

काही विद्वान फादर स्टीफन्सचा दाखला देतात. ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीतच छापले गेले, ते मराठी नव्हे का? मराठीच, आणि उत्तम मराठी. पण रोमन का? कारण त्या वेळी तिथे देवनागरीचे खिळेच नव्हते. ज्याच्यापाशी खिळे नव्हते त्याने मिळेल त्या अक्षरांत मराठी जपली. आपल्या तर खिशात सगळे खिळे आहेत, तेही फुकट. स्टीफन्सची अडचण ती आपली सोय म्हणून मिरवायची, याला काय म्हणावे?

तिसरा आक्षेप नवा आहे. "आता टंकायचे कशाला? फोनशी बोला, तो लिहून घेतो." खरे आहे, घेतो. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना दिसत नाही, त्यांना ही सोय म्हणजे वरदान आहे. शेजारच्या काकूंना मीच ती लावून दिली. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, फोन तुमचे बोलणे लिहीत नाही, त्याला जे ओळखीचे वाटते ते लिहितो. वऱ्हाडी बोलून पाहा. 'जाऊन राह्यलो'चे तो काय करतो ते बघा. आपली बोली तो साफसूफ करून पुस्तकी करून टाकतो, आणि आपल्याला वाटते, वा, किती शुद्ध! त्या अकरा आठवणी अशा उतरल्या असत्या तर सुरतेच्या मुलाला त्यात आजी सापडली नसती. दोन, बोलणे आणि लिहिणे ही वेगवेगळी कामे आहेत. लिहिताना माणूस थांबतो, खोडतो, पुन्हा पाहतो. ते थांबणेच तर लिहिणे आहे.

बारीकसारीक वाटणाऱ्या एका गोष्टीचे उदाहरण देतो. सातपुड्याच्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या. आचाऱ्यांना आणि आचार्यांना. पहिल्यात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजन. हा अर्ध्या चंद्रासारखा ऱ हे मराठीचे वैशिष्ट्य. इन्स्क्रिप्टमध्ये र वर शिफ्ट दाबली की तो ऱ मिळतो, मग पाय मोडून य. अंदाज नाही, सुचवण्यांची यादी नाही, मला हवे तेच उमटते. आणि ज्या ॲपच्या नावाने सगळे नाचतात त्या 'ॲ'ची कथा तर फारच बोलकी आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. तोवर लोक अ वर चंद्र बसवून वेळ मारून नेत, आणि अजूनही पुष्कळ जण तसेच टंकतात. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. त्यामुळे एक शोधले तर दुसरे सापडेलच याची खात्री नाही. राज्य शासनाने मराठीसाठी वर्णमाला आणि देवनागरी लिपी प्रमाणित केल्याचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा आहे. म्हणजे अक्षराला जागा मिळावी म्हणून कोणीतरी भांडले, नियम झाला, कळफलक झाला. वापरायचे काम तेवढे आपले होते.

लिपी सुटली की काय होते, हे महाराष्ट्राने अगदी अलीकडे पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आपल्या व्यवहारात होती. हात न उचलता भराभर लिहिता यावे म्हणून वापरलेली, म्हणजे त्या काळचे कामाचा वेग वाढवणारे साधनच म्हणा. मग ती शाळेतून गेली, कचेरीतून गेली. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. आजोबांची नोंद समोर आहे आणि नातवाला ती वाचता येत नाही! तरी मोडी बरी. ती निदान कागदावर दिसते, कोणी शिकला तर वाचतो. मुखवट्याच्या फॉन्टमधली फाइल आणि इंग्रजी अक्षरांतले मराठी निरोप, यांना उद्या कोणता जाणकार आणणार?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावोगाव अभिनंदनाचे निरोप फिरले. मला आले त्यातले कितीतरी इंग्रजी अक्षरांत होते! अभिजात भाषेचे अभिनंदन तिच्याच लिपीत करायला ज्याला जमत नाही, त्याने मला कोणते ॲप टाकावे हे शिकवू नये. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मानायचा तर माना, पण देवनागरीत कळवा.

तेव्हा नातेवाईक मंडळींना आणि लिहित्या मित्रांना माझे सांगणे एवढेच. संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जा, मराठी जोडा, आणि नुसते 'मराठी' असे लिहिलेला कळफलक निवडा. 'मराठी फोनेटिक' नको. कळफलकाचा तक्ता छापून भिंतीवर लावा. पहिला आठवडा फक्त बाराखडी, दुसरा आठवडा घरातल्या माणसांची नावे, तिसरा जोडाक्षरे, चौथ्या आठवड्यात आईला किंवा आजीला एक प्रश्न विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत टंका. साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, साठवताना यूटीएफ-८ निवडा, नावात तारीख घाला. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे. यानंतर जी हवी ती ॲपे खुशाल टाका, माझी काही तक्रार नाही.

आणि हे काम पुढच्या वर्षीवर ढकलू नका. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांच्याकडे फार आठवडे नाहीत.